🍌 सुकेळीचं खोकं आधी मोजा
होळीच्या बाजारात राजेळीची सुकेळी पिशवीतून जातात. ऑनलाइन विक्रीत मात्र खोक्याचंही भाडं पडतं. बहुतेक कुरिअर लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० असं वजन काढतात. ते आणि खरं वजन, यात जे जास्त त्याचे पैसे लावतात. ३०×२०×१५ च्या खोक्यात अर्धा किलो भरलंत, तर भाडं १.८ किलोचं! नफा तिथेच गेला.

२०×१२×१० चं खोकं घ्या, हिशेब ४८० ग्रॅम येतो. माल ४०० ग्रॅमच भरा. खोक्यासकट ५०० च्या वर गेलं की पुढचा टप्पा लागतो. मोठं खोकं चार पाकिटांच्या ऑर्डरला ठेवा. खरी कमाई त्यातच आहे. पैसे आधीच घ्या बरं का, परत आलेल्या पार्सलचं भाडं बहुधा आपल्याच माथी बसतं.