आधी खूण, मग अक्षर

यवतमाळच्या कापूसपट्ट्यातलं ऐकणारं मूल शाळेत येण्याआधीच ‘बोंड’, ‘पऱ्हाटी’, ‘वेचणी’ हे शब्द शेकडो वेळा ऐकून असतं. पहिलीत ओळखीच्या आवाजांना अक्षरं जोडली की ते वाचू लागतं. कर्णबधिर मुलाजवळ हा आवाजांचा साठा नसतो. त्याचे आईवडील बहुधा ऐकणारे असतात आणि त्यांना खुणांची भाषा येत नाही. असं मूल फळ्यावरचं अक्षर सुबक उतरवतं, पण अर्थ हाती लागत नाही. मोबाइल किंवा टॅबने ही उणीव भरून निघू शकते. मात्र पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात.

पहिली पायरी शब्दाची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्ये १०,००० शब्द झाले. २०२२ मध्ये आलेल्या ‘साइन लर्न’ अ‍ॅपमुळे त्यांच्या खुणा मोबाइलवर पाहता येतात. मुलाच्या हाती खरं बोंड द्यावं, कापसाची खूण दाखवावी आणि लगेच ठळक अक्षरांत ‘कापूस’ लिहावं. गावाकडची खूण वेगळी असेल, तर तिचाही व्हिडिओ काढून ठेवावा.

दुसरी पायरी वाक्याची, आणि खरी अडचण इथेच येते. ‘आईने मुलाला पाणी दिले’ आणि ‘आईला मुलाने पाणी दिले’ यांत फरक आहे तो फक्त प्रत्ययांचा. सांकेतिक भाषेत हेच काम हाताची दिशा करते. आई डावीकडे, मुलगा उजवीकडे कल्पायचा. ‘देणे’ची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. व्हिडिओ हळू चालवून थांबवावा. हात निघतो तिथे लाल ‘ने’, पोचतो तिथे हिरवा ‘ला’ लिहावा. मग बाजू बदलून मुलाकडूनच दुसरं वाक्य करून घ्यावं. प्रत्यय डोळ्यांना दिसला की तो घोकावा लागत नाही.

तिसरी पायरी लेखनाची. पोळ्याला काय पाहिलं ते मूल खुणांनी सांगेल. शिक्षकांनी त्याचा व्हिडिओ घ्यावा. तो थोडा थोडा थांबवत मुलाने स्वतःचंच सांगणं टाइप करावं. कीबोर्ड ‘बैल’, ‘बैलाला’, ‘बैलाने’ अशी रूपं सुचवेल. त्यांतलं कोणतं आणि का, हे व्हिडिओ पुन्हा पाहून ठरवावं.

बोलणं ऐकून पडद्यावर अक्षरं उमटवणारी ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’सारखी अ‍ॅप मराठीतही चालतात. पण वाचता येणाऱ्यालाच त्यांचा उपयोग, म्हणून त्यांची जागा शेवटी.

आठवड्याच्या खुणांचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर घरी पाठवले, तर आईवडीलही त्या शिकतील आणि मुलाशी घरात बोलणं सुरू होईल. या सगळ्यात व्हिडिओ कुठे थांबवायचा, हे माणसालाच कळतं. म्हणून टॅब मागणाऱ्या प्रत्येक शाळेने सांकेतिक भाषा उत्तम जाणणारा, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेला शिक्षकही तितक्याच आग्रहाने मागावा.