न खपलेल्या मोटारीचे मोल

वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा आपला रोजचा अनुभव. मोटार तर शेवटी भंगारातच जायची. पण कधी कधी साठ वर्षांची एखादी मोटार विक्रीला निघते आणि तिच्यावर कोटी-कोटींची बोली लागते. असे का व्हावे? जर्मनीतल्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या ‘५०७’ या मोटारीची हकीकत ऐका, म्हणजे उलगडा होईल.

ही ‘रोडस्टर’ जातीची गाडी. म्हणजे काय, तर दोनच माणसांची, बसकी आणि वरचे छत उघडता येणारी. अल्ब्रेख्त गोएर्ट्स यांनी तिचा आकार रेखला आणि १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. आठ सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन. देखणी तर इतकी की बघत राहावे!

बेत असा होता की अमेरिकेत ती पाच हजार डॉलरला विकायची आणि हजारोंनी खपवायची. पण तिचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कारागीर हाताने ठोकून घडवीत. एका गाडीचे टणक छत दुसरीला नीट बसत नसे, यावरूनच कल्पना करा. खर्च वाढला, किंमत नऊ हजार डॉलरवर गेली, आणि गिऱ्हाईक फिरकेना. १९५९ पर्यंत जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. कंपनी आधीच तोट्यात होती, त्यात ही भर. १९५९ च्या डिसेंबरात ती प्रतिस्पर्धी डायम्लर-बेंझच्या हाती जाण्याची वेळ आली. लहान भागधारकांनी सभेत तो ठराव हाणून पाडला, पुढे हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला, म्हणून ती तगली.

आता गंमत पहा. जे अपयश, तेच आज मोल ठरले आहे! गाड्या थोड्याच बनल्या, म्हणून त्या दुर्मिळ. मागणारे पुष्कळ आणि माल मोजका, मग भाव चढणारच.

पण नुसत्या दुर्मिळपणावर भागत नाही, बरं का. बैलबाजारात आपण दात पाहिल्याशिवाय बैल घेतो का? तसाच इथला जाणता गिऱ्हाईक सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहतो. दोन्ही मूळचेच निघाले तर भाव वेगळा, इंजिन बदललेले असले तर वेगळा. सैन्यात असताना गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी जर्मनीत वापरलेली ‘५०७’ पुढे कॅलिफोर्नियात इंजिनाविना पडून होती. ती त्यांचीच, हे पटले ते सांगाड्यावरच्या ७००७९ या क्रमांकामुळे.

तिसरी गोष्ट मालकाची. मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही शर्यतींत जगज्जेते ठरलेले एकमेव गृहस्थ जॉन सर्टीस यांनी १९५७ साली नवी घेतलेली ‘५०७’ अखेरपर्यंत सांभाळली. त्यांच्या निधनानंतर २०१८ साली इंग्लंडात तिचा लिलाव झाला आणि ३८ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. त्या वेळच्या दराने सुमारे ३४ कोटी रुपये!

शिक्षकांनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. घडवायला किती खर्च आला, वापरायला किती उपयोगी पडते आणि बाजारात काय मिळते, हे तीन हिशेब निरनिराळे आहेत. मुलांना हे एका मोटारीवरून चटकन समजेल. आणि घरात जुनी वस्तू असेल, तर तिच्याबरोबर तिचे कागदही जपून ठेवावेत. वस्तूची साक्ष तेच देतात.