घर घेताना पूररेषा

महाड येथे सावित्री-गांधारीच्या काठी शांत वस्तीत घर घेण्याची ओढ स्वाभाविक होय. तथापि, २२ जुलै २०२१ च्या महापुरात तेथील कित्येक तळमजले पाण्याखाली गेले. म्हणूनच इसार देण्यापूर्वी पूररेषेची चौकशी करणे अगत्याचे ठरते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतील पुराची मर्यादा दर्शविते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते. डोंगराचा आसरा घ्यावा, तर त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडीही त्यातून सुटली नाही. जागा निर्धोक असली तरी भोगवटा प्रमाणपत्र पाहावेच. काजळपुऱ्यातील पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जण दगावले, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती.