दोन किलो कापूस आणि चॅटबॉट

‘एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?’ सिल्लोड-पैठणकडे घरात कापूस रचलेला बघत वाढलेल्या मुलांना हे कोडं नवं नाही. घाईत ‘लोखंड’ म्हणणारा फसतो, कारण त्याच्या मनात वजन नसतं, घनता असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आला आणि लोकांनी हेच कोडं आकडा बदलून त्याला घातलं. एका बाजूला दोन किलो कापूस, दुसऱ्या बाजूला एक किलो लोखंड. तेव्हाचे चॅटबॉट बऱ्याचदा ठामपणे सांगत, ‘दोन्हींचं वजन सारखंच.’ वर घनतेचा धडाही देत! हे चॅटबॉट अफाट मजकूर वाचून पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधतात. मूळ कोडं त्यांनी असंख्य वेळा वाचलेलं, आणि त्याचं उत्तर ठरलेलं. ओळखीचे शब्द दिसताच तेच उत्तर वर येतं, ‘दोन’ हा आकडा त्या ओघात वाहून जातो. आताचे चॅटबॉट आधी पायरीपायरीने विचार मांडतात, त्यामुळे ही चूक कमी झाली आहे.

पण मूळ कोड्याचं ‘सारखंच’ हे उत्तर तरी काट्यावर कितपत टिकतं? हवेलाही घनता आहे, घनमीटरला सुमारे १.२ किलो. आर्किमिडीजच्या नियमानुसार वस्तू जेवढी हवा बाजूला सारते, तेवढ्या हवेच्या वजनाइतकी ती उचलली जाते. एक किलो लोखंडाचं आकारमान सुमारे १२७ घन सेंटिमीटर, म्हणून त्याची उचल ०.१५ ग्रॅम. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, तंतूची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम, म्हणून किलोभर रुईची उचल ०.८ ग्रॅम. म्हणजे हवेत रुई साधारण ०.६५ ग्रॅमने हलकी भरते. इथे ढिगाचा फुगवटा मात्र धरायचा नाही. तंतूंमधली हवा ही बाहेरच्या हवेचाच भाग असते.

कापूस विकणाऱ्याला याहून मोठा फरक ठाऊक असतो, तो ओलाव्याचा. हमीभावाच्या खरेदीत भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा प्रमाण मानतं आणि १२ टक्क्यांपर्यंतचाच माल घेतं. एका किलोत एक टक्का ओलावा म्हणजे १० ग्रॅम, हवेच्या उचलीतल्या त्या फरकाच्या पंधरापट.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. चॅटबॉटला कोडं आकडे बदलून घालावं, उत्तरासोबत आकडेमोड मागावी, आणि ती मुलांकडून वहीत तपासून घ्यावी.