लेझीम, मनोरा आणि सांघिक कसरतीची परीक्षा

ढोलावर थाप पडतांच लेझीम हातीं घेतलेल्या मुलांच्या रांगा एकाच क्षणीं वांकतात, हें दृश्य वऱ्हाडांतील वाचकांस नवें नाहीं. परंतु या खेळाचें मूळ कोणतें, त्याचा खरा गुण कशांत आहे व स्पर्धेंत त्याची पारख कशी करावी, याचा विचार क्वचितच होतो. तो येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लेझीम हा शब्द मूळ फारसी. दोरीच्या जागीं लोखंडी सांखळी लाविलेलें जें सरावाचें धनुष्य, त्यास हें नांव होतें; तें ताणून धनुर्धर आपले दंड बळकट करीत. तालमींतील तें जड साधन शाळेंत येईपर्यंत हलकें झालें. लांकडी दांडा, आंखूड सांखळी व तींत खुळखुळणाऱ्या पातळ चकत्या, एवढेंच त्याचें रूप उरलें. बळाची जागा तालानें घेतली. ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ अशा मोजणीवर पाय, कंबर व मनगट एकदम चालवावीं लागतात. शंभर मुलांत एकाची लेझीम किंचित मागाहून वाजली तरी ती कानास कळते. म्हणून शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणें हेंच येथें मुख्य कौशल्य होय. मनोऱ्याचेंही तसेंच. सर्वांचे डोळे वर चढलेल्या मुलाकडे लागतात. परंतु मनोरा टिकतो तो खालच्यांच्या खांद्यांवर व भोंवतीं झेलावयास उभ्या असलेल्यांच्या दक्षतेवर.

वलगांवच्या मुलांस या विद्येसाठीं दूर पाहावयास नको. जवळच अमरावतीस वैद्य बंधूंनीं 1914 सालीं आखाडा काढला; तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें प्रसिद्धीस आला. 1936 सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां या मंडळाच्या पथकानें तेथें कबड्डी इत्यादि देशी खेळ करून दाखविले. हें पथक पदकासाठीं गेलें नव्हतें. आपली विद्या आपल्याच रीतीनें जगापुढें मांडण्यास गेलें होतें.

अशीच गोष्ट अमेरिकेंतही आढळते. तेथें मैदानावर आपल्या संघास ललकारून उत्तेजन देणारें पथक असतें. या कलेस चीअरलीडिंग म्हणतात. 1898 सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें तिचा आरंभ केला. पुढें तींत कोलांट्या व मनोरे शिरले आणि ती स्वतंत्र स्पर्धेचा विषय झाली. आतां, गोऱ्यांच्या महाविद्यालयांचीं दारें बंद असल्यामुळें कृष्णवर्णीयांसाठीं तेथें निराळीं महाविद्यालयें निघालीं होतीं. मिशनऱ्यांनीं 1866 सालीं नॅशव्हिल येथें स्थापिलेलें फिस्क हें त्यांपैकींच एक. त्यांतील कांहींनीं 1912 सालीं आपला क्रीडासंघही उभारिला. व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलायना या प्रांतांतील अशा महाविद्यालयांत 1970 नंतर चीअरलीडिंगची एक निराळी रीत रूढ झाली: पाय आपटून, टाळ्या वाजवून व एका सुरांत ललकारून ताल उभा करावयाचा. सर्वसाधारण स्पर्धांत कोलांट्या व मनोरे यांवर भर असल्यामुळें या तालास तेथें फारशी किंमत येत नाहीं. तरी त्या पथकांनीं आपली रीत सोडिली नाहीं. ती जाणणाऱ्या परीक्षकांपुढें आपसांत स्पर्धा करून ती जिवंत ठेविली.

यावरून शिक्षकांनीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. परीक्षक ज्यास गुण देतो, तेंच मुलें शिकतात. मनोऱ्याच्या उंचीसच गुण असले, तर चार चपळ मुलें पुढें येतील, मंद मूल रांगेंतून वगळलें जाईल आणि एखाद्याचा हात मोडण्याचा प्रसंगही येईल. म्हणून शालेय स्पर्धेंत तीन गोष्टींस समान गुण असावेत, अशी आमची सूचना आहे: शेवटच्या रांगेचा ताल, मनोऱ्यावरून सुरक्षित उतरणें आणि वर्गांतील मुलामुलींपैकीं किती जणांस भाग मिळाला तें. असे गुण ठरले म्हणजे मंद मुलास वगळण्यांत कोणत्याच शाळेचा लाभ राहणार नाहीं. त्यास ताल शिकविण्यास शिक्षक अर्धा तास अधिक थांबेल.