फेअर डील
फेअर डील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे तेहतिसावे राष्ट्राध्यक्ष हॅरी एस्. ट्रूमन (१८८४–१९७२, कार. १९४५–५३) यांच्या अंतर्गत धोरणास व त्यास अनुसरून काँग्रेसपुढे मांडलेल्या विधिकार्यक्रमास मिळालेले नाव. शासनाकडून न्याय्य वागणूक मिळण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे, असे त्यांनी ५ जानेवारी १९४९ रोजीच्या काँग्रेसला उद्देशून केलेल्या वार्षिक अभिभाषणात सांगितले. त्यातील ‘फेअर डील’ (न्याय्य व्यवहार) हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला. धोरण मात्र त्याहून जुने होते. जपानच्या शरणागतीनंतर लगेच, ६ सप्टेंबर १९४५ रोजी, ट्रूमन यांनी काँग्रेसला एकवीस कलमी संदेश पाठविला, त्यातच त्याची बीजे आढळतात. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’चा वारसा युद्धोत्तर समृद्धीच्या काळातही चालवावा व तो वाढवावा, ही त्यामागील भूमिका होती.

आरंभ प्रतिकूल ठरला. युद्धकालीन मूल्यनियंत्रण सैल होताच महागाई भडकली. १९४६ मध्ये ४५ लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. संपकरी रेल्वे कामगारांना सैन्यात भरती करण्याचा अधिकार मागून ट्रूमन यांनी कामगारवर्गाचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षीच्या रोजगार कायद्याने अध्यक्षांसाठी आर्थिक सल्लागार मंडळ स्थापन झाले, परंतु मूळ विधेयकातील ‘पूर्ण रोजगारी’ची हमी काँग्रेसने गाळली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाच्या हाती गेली. कामगार संघटनांवर निर्बंध घालणारा टॅफ्ट-हार्टली कायदा १९४७ मध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. या नकाराधिकारामुळेच दुरावलेल्या संघटना पुन्हा त्यांच्या बाजूस वळल्या. १९४८ च्या निवडणुकीत ट्रूमन यांनी थॉमस ड्यूई यांचा अनपेक्षितपणे पराभव केला व काँग्रेसमध्येही डेमॉक्रॅटिक पक्षास पुन्हा बहुमत मिळाले.

हे बहुमत बव्हंशी नाममात्र होते. ज्येष्ठतेच्या नियमामुळे अनेक महत्त्वाच्या समित्यांची अध्यक्षपदे दक्षिणेकडील डेमॉक्रॅट सदस्यांकडे होती आणि ते रिपब्लिकनांशी संगनमत करून नको असलेली विधेयके रोखून धरीत. फेअर डीलच्या यशापयशाचे गमक येथे सापडते. न्यू डीलने घातलेल्या पायावर भर टाकणारे कायदे संमत झाले, नवा पाया घालणारे बहुधा अडले. किमान वेतन ताशी ४० सेंटांवरून ७५ सेंटांवर नेण्यात आले, मात्र त्याच कायद्याने काही कामगार त्याच्या कक्षेबाहेर गेले. सामाजिक सुरक्षा योजनेची व्याप्ती १९५० मध्ये सु. एक कोटी लोकांनी वाढली व निवृत्तिवेतनात भरीव वाढ झाली. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने सहा वर्षांत ८,१०,००० सार्वजनिक घरे बांधण्यास संमती दिली. ठरलेल्या मुदतीत हे उद्दिष्ट गाठता आले नाही. गलिच्छ वस्त्यांच्या निर्मूलनात पुष्कळ गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय, कुटुंबे बेघर झाली, हे या कायद्याचे दुसरे अंग होय. शिक्षणास संघीय साहाय्य देण्याचे विधेयक कॅथलिक शाळांना अनुदान द्यावे की नाही या वादात बुडाले, तर शेतमालासंबंधीची ब्रॅनन योजनाही फेटाळली गेली.

सर्वांत कडवा संघर्ष राष्ट्रीय आरोग्य विम्यावरून झाला. वेतनातून अंशदान घेऊन सर्वांना वैद्यकीय सेवा मिळवून देण्याची ही योजना ट्रूमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये मांडली व १९४९ मध्ये पुन्हा पुढे आणली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर गोळा केले, व्यावसायिक प्रचारतज्ज्ञ नेमले आणि ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून योजनेस बदनाम केले. शीतयुद्धाच्या वातावरणात हा शब्दच पुरेसा ठरला. रुग्णालये बांधण्यासाठी १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने पैसा मिळाला, पण रुग्णाचा खर्च कोणी भरावा हा प्रश्न तसाच राहिला. वृद्धांपुरता विमा (मेडिकेअर) १९६५ मध्ये आला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर ट्रूमन यांच्या इंडिपेंडन्स या गावी जाऊन स्वाक्षरी केली.

नागरी हक्कांच्या बाबतीत विधिमार्ग बंदच होता. ट्रूमन यांनी नेमलेल्या समितीने १९४७ मध्ये वंशभेदावर परखड अहवाल दिला व त्यास अनुसरून फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी काँग्रेसला संदेश पाठविला. दक्षिणेतील असंतुष्टांनी स्ट्रॉम थर्मंड यांना उभे करून चार राज्ये जिंकली. रोजगारातील भेदभाव रोखणारे विधेयक १९५० मध्ये सीनेटमध्ये दीर्घ भाषणांच्या अडवणुकीने (फिलिबस्टर) निकालात निघाले. तथापि सेनादलांत समान वागणूक व समान संधी देण्याचा २६ जुलै १९४८ चा आदेश अध्यक्षांच्या स्वतःच्या अधिकारातील होता. त्यास काँग्रेसच्या संमतीची गरज नव्हती. सेनाधिकाऱ्यांनी प्रारंभी चालढकल केली. कोरियन युद्धात सैनिकांची चणचण भासू लागल्यावर अंमलबजावणीस वेग आला व १९५४ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र तुकड्या विसर्जित झाल्या.

जून १९५० मध्ये सुरू झालेल्या या युद्धाने अंतर्गत सुधारणा मागे पडल्या. संप टाळण्यासाठी एप्रिल १९५२ मध्ये पोलाद कारखाने ताब्यात घेण्याची ट्रूमन यांची कृती सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी अवैध ठरविली. त्यांच्यानंतर आलेले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझनहौअर यांनी सामाजिक सुरक्षा योजना मोडीत काढली नाही. १९५४ मध्ये तिची व्याप्ती त्यांनी आणखी वाढविली.