मोबाईलच्या पाठीवरील लोहचुंबक : धोका किती, गैरसमज किती?

इंदापूर - मोटारीच्या डॅशबोर्डवर मोबाईल चिकटवून धरणारे होल्डर, आपोआप बंद होणारी चुंबकी कव्हरे, मोबाईलच्या पाठीला चिकटणारे चार्जर आणि पाकिटे यांचा वापर आता शहरांपुरता राहिलेला नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरील चालक आणि तालुक्यातील शेतकरीही ही साधने वापरू लागले आहेत. त्याबरोबरच ‘लोहचुंबकामुळे मोबाईल बिघडतो, त्यातील माहिती पुसली जाते’ अशी भीतीही पसरली आहे. या भीतीत तथ्य आहे. मात्र ते वेगळ्याच ठिकाणी आहे.

माहिती पुसली जात नाही
माहिती पुसली जाण्याची समजूत कॅसेट आणि फ्लॉपीच्या काळातील आहे. त्या साधनांत माहिती चुंबकीय लेपावर साठविली जात असे आणि जवळ आलेला लोहचुंबक ती विस्कटून टाकी. स्मार्टफोनमधील ‘फ्लॅश मेमरी’ मात्र विद्युतभाराच्या रूपात माहिती साठविते. होल्डरमधील लोहचुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. मोबाईलच्या स्पीकरमध्ये तर मुळातच लोहचुंबक असतो. पडदा आणि बॅटरी यांनाही या साधनांतील लोहचुंबकापासून धोका नाही.

होकायंत्राची दिशाभूल
खरा परिणाम होतो तो होकायंत्रावर. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक सूक्ष्म संवेदक मोबाईलमध्ये असतो. महाराष्ट्रात हे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे अत्यंत क्षीण असते. मोबाईलच्या पाठीवरील लोहचुंबक त्याच्या कित्येक पट प्रबळ असल्याने संवेदकाला उत्तर दिशा ओळखता येत नाही आणि नकाशावरील बाण भलतीकडे वळतो.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. आपण ‘कोठे’ आहोत, हे मोबाईल उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून ठरवितो. त्यात लोहचुंबक ढवळाढवळ करीत नाही. आपले तोंड ‘कोणत्या दिशेला’ आहे, एवढेच होकायंत्र सांगते. त्यामुळे ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचे स्थान लोहचुंबकामुळे शेजारच्या गटात सरकणार नाही. मात्र उभ्या जागी दिशा दाखविणारा बाण चुकू शकतो. वाहन धावू लागले, की बदलत्या स्थानावरूनही दिशा काढता येते, म्हणून महामार्गावर हा दोष फारसा जाणवत नाही.

कुलाब्याची वेधशाळा अलिबागला
क्षीण भूचुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राशेजारी प्रबळ क्षेत्र आले की काय होते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात. शहरातील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहामुळे या नोंदी दूषित होणार हे स्पष्ट झाले. संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या काळात हे काम अलिबागला नेण्यात आले. तेथील इमारतीसाठी चुंबकीय नसलेले साहित्य वापरले गेले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. वेधशाळेला जागा बदलावी लागली. मोबाईलधारकाला कव्हर काढले तरी पुरते.

कॅमेरा आणि चार्जिंग
अनेक मोबाईलच्या कॅमेऱ्यात हाताचे कंपन सावरण्यासाठी भिंग किंचित हलविले जाते आणि त्याची जागा चुंबकीय संवेदकाने ओळखली जाते. भिंगाजवळ लोहचुंबक आल्यास छायाचित्र अस्पष्ट येऊ शकते. भिगवणला उजनी जलाशयावर रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घेताना असे घडल्यास आधी चुंबकी साधन काढून पाहावे. हा परिणाम सहसा तात्पुरता असतो. दुचाकीवरील होल्डरबाबत मात्र वेगळा धोका आहे. मोठ्या इंजिनाच्या सततच्या कंपनांमुळे कॅमेऱ्याची ही यंत्रणा कायमची बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता.

होल्डरसाठी कव्हरमध्ये ठेवलेली लोखंडी पट्टी बिनतारी चार्जिंगच्या आड येते. ती तापते आणि चार्जिंग मंदावते किंवा थांबते. एटीएम कार्डवरील काळी चुंबकीय पट्टीही लोहचुंबकाजवळ खराब होऊ शकते. चिपला मात्र अशी बाधा होत नाही.

पेसमेकर असल्यास सावधान
सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मोबाईलचा नसून माणसाचा आहे. पेसमेकर किंवा हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण शरीरात बसविलेले असते, तेव्हा डॉक्टर गरजेनुसार लोहचुंबक धरून त्याची कार्यपद्धती तात्पुरती बदलतात. हाच बदल खिशातील लोहचुंबकामुळे नकळत होऊ शकतो. आयफोन १२ छातीजवळ नेल्यावर एका रुग्णाचे उपकरण तात्पुरते स्थगित झाल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२१ च्या आरंभी ‘हार्ट ऱ्हिदम’ या नियतकालिकात नोंदविले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धोका कमी असल्याचे सांगतानाच अशी साधने उपकरणापासून किमान सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटर दूर ठेवण्याचा सल्ला दिला. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाईल ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. घरातील वडीलधाऱ्यांना पेसमेकर बसविलेला असेल, तर ही सवय आजच मोडावयास हवी.

अंतर हाच उपाय
लोहचुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने घटतो. थोडे दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले, की तो सुमारे एक-अष्टमांश उरतो. म्हणून होकायंत्र चुकत असल्यास चुंबकी कव्हर काढावे आणि मोबाईल हातात धरून इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवावा. दिशा पुन्हा जुळते. कॅमेऱ्याजवळ लोहचुंबक येणार नाही असे कव्हर निवडावे आणि कार्डे वेगळ्या खिशात ठेवावीत. एवढी काळजी घेतल्यास मोबाईलला घाबरण्याचे कारण नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र सहा इंचांचे अंतर कधीही विसरू नये.